दारातल्या मोहावर हक्क कोणाचा?

बोदलकसात जाऊन कोणी 'झाडे लावा' म्हणून भाषण ठोकले, तर गावकरी ते शांतपणे ऐकून घेतील, पाहुण्याला चहा पाजतील आणि गाडी वळली की हसतील. गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यातले हे गाव. एका अंगाला १९१७ साली बांधलेला मोठा तलाव, तलावाला वेढून टेकड्या, टेकड्यांवर साग, ऐन, धावडा, बीजा, तेंदू, मोह, आणि त्यांच्या पाठीशी नागझिऱ्याचे जंगल. मुलखाचे नावच झाडीपट्टी. इथे झाडांची टंचाई कसली आली?

जंगलातल्या झाडांची टंचाई नाही, हे खरे. प्रश्न घराजवळच्या झाडांचा आहे. घरामागच्या सांदवाडीतली, शेताच्या धुऱ्यावरची म्हणजे बांधावरची, गुरांच्या आखरावरची, तलावाच्या पाळीवरची, शाळेच्या कुंपणातली जी झाडे असतात, त्यांना ना जंगल म्हणता येते ना बाग. वनखात्याच्या नकाशात ती नसतात आणि पर्यटकाच्या फोटोतही नसतात. बोदलकसाला येणारा पर्यटक पर्यटन महामंडळाच्या निवासातून पाणी बघतो, पहाटे मंगेझरीच्या बाजूने जंगलात शिरतो आणि संध्याकाळी वाघ दिसला की नाही हे घरी कळवतो. वाटेत लागणाऱ्या गावांतली झाडे त्याच्या दृष्टीने रस्त्याचा भाग. मराठी वाचकालाही हा मुलूख माहीत झाला तो व्यंकटेश माडगूळकरांच्या 'नागझिरा'मुळे आणि नवेगावबांधला वनाधिकारी म्हणून राहिलेल्या मारुती चितमपल्लींच्या लेखनामुळे. दोघांनीही जंगल मनसोक्त पाहिले, आणि आपण वाचकांनी त्यातून अरण्यच तेवढे उचलले. आपल्या मनात झाड एकतर अरण्यात असते, नाहीतर शहरातल्या बंगल्याच्या अंगणात पारिजातक होऊन उभे असते. या दोहोंच्या मधले, कोंबड्या, बैलजोडी आणि वाळत घातलेल्या धानासोबत राहणारे झाड आपल्या विचारातून निसटले आहे.

माझे म्हणणे असे की हे मधले झाडच आज सर्वांत अडचणीत आहे. ती अडचण गावकऱ्यांच्या बेफिकिरीतून आलेली नाही, ती आपण झाडांच्या प्रेमापोटी केलेल्या कायद्यांतून आणि योजनांतून आली आहे. जुन्या झाडाला वाचवण्यासाठी केलेली बंदी नव्या रोपट्याच्या मुळावर उठते, ही गोष्ट आपण कबूल करत नाही तोवर घराजवळ झाडे वाढणार नाहीत.

मोहाचेच उदाहरण घेतो, कारण इथल्या माणसाच्या पोटाशी जितका मोह जोडलेला आहे तितके दुसरे झाड नाही. फाल्गुनात त्याची पाने गळतात. मार्च-एप्रिलमध्ये उघड्या फांद्यांच्या टोकांना फुलांचे घोस लागतात. रात्री वटवाघळे त्यांच्यावर तुटून पडतात. परागीभवनाचे बरेच काम तीच करतात. पहाट व्हायला लागली की पाणीदार, फिकट पिवळसर फुले टपटप खाली पडू लागतात. आदल्या दिवशी झाडाखालची जागा झाडून ठेवलेली असते. बायका आणि पोरे टोपल्या घेऊन उजाडायच्या आत पोचतात, कारण ऊन चढले की फुले चिवट होतात आणि त्याआधी गुरे, माकडे, रानडुकरे आपला वाटा उचलून जातात. मग ती अंगणात पसरायची. दोन-तीन दिवसांच्या उन्हात ती मनुकांसारखी तपकिरी आणि सुरकुतलेली होतात, सगळ्या अंगणाला गोडसर, किंचित आंबूस वास सुटतो, आणि मग कणगीत, डब्यात, पोत्यात भरून ठेवली जातात. काही खायला, काही बैलांना, काही बाजारात, आणि काही भट्टीवर, हेही लपवायचे कारण नाही. फुलांचा हंगाम सरला की फळे येतात, फळातल्या बियांचे तेल निघते. एकच झाड वर्षातून दोनदा पीक देते, ना नांगरट ना खत. झाड ज्याच्या धुऱ्यावर त्याचे. पण मालकाच्या घरी वेचायला हात नसतील तर शेजारीण अर्ध्या वाट्याने वेचते. हा करार कुठे लिहिलेला नसतो, तरी तो मोडल्याचे भांडण अख्ख्या गावाला माहीत होते.

आता हेच फूल जंगलात वेचायचे म्हटले तर काय होते, ते पाहू. नागझिरा १९७० साली अभयारण्य झाले. डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. त्याआधीच, फेब्रुवारी २००० मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने अभयारण्यांतून आणि राष्ट्रीय उद्यानांतून वाळकी झाडे आणि गवत काढण्यालाही मनाई केली होती. कायदा बाजूला ठेवला तरी पहाटेच्या अंधारात खाली वाकून फुले वेचणारी बाई आणि त्याच फुलांच्या नादाने आलेले अस्वल यांची गाठ पडणे यात नवल काही नाही. विदर्भात दर मोहाच्या हंगामात अशा बातम्या येतात. वाघ आणि बिबटे आहेत ते वेगळेच. शिवाय आग. पालापाचोळा जाळून झाडाखालची जमीन साफ करायची जुनी सवय, आणि एप्रिलचा कोरडा वारा. ८ एप्रिल २०२१ रोजी नागझिऱ्यात वणवा विझवताना तीन वनमजूर जळून मेले. ती आग कशाने लागली याचा निवाडा मी करत नाही. पण मोहाच्या हंगामात जंगलात माणूस जाणे हे माणसालाही धोक्याचे आणि जंगलालाही, एवढे तर वनखातेही म्हणते आणि गावकरीही.

म्हणजे जंगलातला मोह दिवसेंदिवस दूर जात आहे. तो दूर जाणे वाघाच्या दृष्टीने चांगले असेलही. पण मग दारातला, धुऱ्यावरचा मोह वाढायला हवा की नको? जंगलाच्या काठावरच्या गावाला घराजवळ झाड कशाला, या प्रश्नाचे उत्तर इथेच आहे. जंगल जितके जवळ, तितके घराजवळचे झाड गरजेचे. ज्या गावाला स्वतःच्या शिवारात सरपण, फुले, पाने, चारा मिळतो, त्या गावाला पहाटे वाघाच्या वाटेवर जावे लागत नाही. व्याघ्र प्रकल्पाभोवती तारेचे कुंपण घालण्यावर जितका विचार होतो, त्याच्या एक दशांश विचार गावाच्या धुऱ्यांवरच्या झाडांवर झाला असता तर बरे झाले असते.

आणि नेमके तिथेच झाड वाढत नाही. मध्य भारतातल्या मोहाविषयी अभ्यासक आणि म्हातारे शेतकरी एकच तक्रार करतात: थोराड झाडे आहेत, पोरे नाहीत. फुले वेचली जातात, मग बियाही तेलासाठी वेचल्या जातात, उरलेसुरले रोप गुरांच्या तोंडी किंवा आगीत जाते. हे सगळे खरे. पण धुऱ्यावर चार रोपे उगवतातच, ती कुठे जातात? ती शेतकरी स्वतः उपटतो. त्याला मोह नकोसा आहे म्हणून नाही. त्याने हिशेब केलेला आहे.

हिशेब असा. महाराष्ट्रात झाडे तोडण्याचे विनियमन करणारा कायदा १९६४ सालचा आहे. त्याच्या अनुसूचीत जी झाडे आहेत ती तोडायला, स्वतःच्या शेतातली असली तरी, वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. यादी वाचून पाहण्यासारखी आहे: साग, मोह, हिरडा, चिंच, आंबा, फणस, जांभूळ, बीजा, हळदू, ऐन, तिवस, अंजन, किंजळ, खैर, चंदन. म्हणजे जी जी झाडे आपल्या आजोबांनी घराजवळ मुद्दाम राखली ती सगळी. निलगिरी आणि सुबाभूळ यादीत नाहीत. जमीन महसूल संहितेचे, १९६६ सालचे, कलम २५ सांगते की शेतातल्या झाडांवर शेतमालकाचा हक्क. तो हक्क वापरायला मात्र १९६४ च्या दारातून वाकून जावे लागते. सातबाऱ्यावर झाडाची नोंद आहे का, नसेल तर तलाठ्याकडे, मग मोजणी, मग वनखात्याकडे अर्ज, मग जागेची पाहणी, मग वाहतुकीचा पास. तीन एकर धानाच्या बांधीचा मालक या सगळ्यात किती दिवस घालवणार? मुलीच्या लग्नाला किंवा दवाखान्याच्या खर्चाला ऐन वेळी झाड विकता येत नसेल, तर ते झाड त्याच्या दृष्टीने संपत्ती नव्हे, उसाला सावली धरणारी किंवा धान पिवळे पाडणारी अडगळ. एकदा ते खोड धरून उभे राहिले की सरकारचे झाले. म्हणून ते खोड धरायच्या आतच विळ्याच्या एका फटक्याने संपवायचे. या गुन्ह्याला कुठलेही कलम लागत नाही, याची नोंद कुठे होत नाही, आणि झाडांच्या गणनेत न जन्मलेले झाड मोजायची सोय नाही.

कायद्याने म्हाताऱ्या मोहाला संरक्षण दिले, आणि त्याच कायद्याने पोरक्या धुऱ्यावर निलगिरीला आमंत्रण दिले. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने विनापरवाना तोडीचा दंड एक हजारावरून पन्नास हजार रुपयांवर नेण्याचा निर्णय घेतला, तेव्हा त्यावर, विशेषतः कोकणातून, बरीच नाराजी उमटली. दंड वाढवण्यामागचा हेतू चांगलाच होता. पण पन्नास हजारांच्या भीतीने कोणी जांभूळ लावल्याचे मी तरी ऐकलेले नाही. लावणाऱ्याचा हात मात्र त्या भीतीने आखडतो.

उलट अनुभवही आपल्याकडे आहेत. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने भारतीय वन कायद्यातून वनेतर जमिनीवरचा बांबू 'झाड' या व्याख्येतून काढला. तोवर शेतातला बांबूही तोडायला आणि न्यायला परवाने लागत. व्याख्या बदलली आणि बांबू हे शेतकऱ्याचे पीक म्हणून चर्चेत आले, लागवडीच्या योजना आल्या, रोपवाटिका निघाल्या. गोव्यात याची उलटी, थोडी विनोदी गंमत झाली. तिथे २०१६ साली माडाला कायद्यातल्या झाडांतून वगळले. एवढा गदारोळ झाला की २०१७ साली पुढच्या सरकारने माड परत आणला आणि त्याला राज्यवृक्षही करून टाकले. माड झाड आहे की नाही हे विधानसभेत ठरते आणि दरम्यान माड आपला नारळ देत उभा असतो. दोन्ही प्रकरणांतून मला दिसते ते एवढे: बांबूत मोकळीक ही लावणाऱ्याला होती, गोव्यात ती तोडणाऱ्या बांधकामदाराला मिळेल अशी लोकांना भीती वाटली. मोकळीक कोणाच्या हातात पडते, त्यावर सगळे अवलंबून.

म्हणूनच माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत जड आक्षेप टाळून चालणार नाही. झाडे मोकळी करा म्हणणाऱ्याला बस्तरचे 'मालिक मकबूजा' प्रकरण आठवायला हवे. गोंदियापासून ते फार लांब नाही. नव्वदीच्या दशकात तिथल्या आदिवासींच्या खाजगी जमिनीवरचे साग लाकडाच्या व्यापाऱ्यांनी कवडीमोलाने लुबाडले, अधिकाऱ्यांचे हात त्यात बरबटले, आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयाला मध्ये पडावे लागले. कागदोपत्री सगळे मालकाच्या मर्जीनेच चालले होते. महाराष्ट्राने ही शक्यता आधीच ओळखून १९६९ साली आदिवासी खातेदारांच्या झाडांची विक्री वनखात्यामार्फतच व्हावी असा कायदा केला होता. तेव्हा परवानगीचा जाच नुसताच उठवला तर त्याच दिवशी ठेकेदार दारात ट्रक उभा करील, हे मला मान्य आहे.

पण बस्तरमध्ये लुटली गेली ती उभी, जुनी, मोलाची झाडे. मी बोलतो आहे ते आज न लावलेल्या झाडांबद्दल. जुन्या मोहाला आणि सागाला आहे ते संरक्षण राहू द्या. आज जो धुऱ्यावर किंवा सांदवाडीत मोह, जांभूळ, हिरडा, बीजा लावील, त्याच्या झाडाची नोंद लावतानाच सातबाऱ्यावर किंवा ग्रामपंचायतीच्या वहीत व्हावी आणि त्या नोंदीवरच लिहिलेले असावे की हे झाड पुढे तोडायला, विकायला परवानगी लागणार नाही. फार तर ग्रामसभेला कळवावे लागेल. जुने आणि नवे यांच्यात फरक करणे अवघड नाही. देशाच्या २०१४ च्या कृषी-वानिकी धोरणाने शेतातल्या झाडांची तोड आणि वाहतूक सुटसुटीत करा असे सांगितलेच आहे. ते कागदावरून धुऱ्यावर यायचे राहिले आहे.

ग्रामसभेचे नाव मी सहज घेतले नाही. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात मेंढा-लेखा या गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाले आणि एप्रिल २०११ मध्ये बांबू वाहतुकीचे पासबुक ग्रामसभेच्या हाती आले. ज्याच्या हाती विक्री आली तोच राखणदार झाला. गोंदिया जिल्हा राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत नाही, त्यामुळे 'पेसा', म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतल्या ग्रामसभांसाठीचा पंचायत कायदा, इथे लागू नाही. पण वनहक्क कायदा आहे. परिणामी आज एक विचित्र चित्र उभे राहिले आहे. हक्क मिळालेली ग्रामसभा जंगलातल्या मोहाची फुले गोळा करून विकू शकते. पण त्याच गावातला माणूस स्वतःच्या धुऱ्यावर वाढवलेला मोह वाळला तरी कागदांशिवाय आडवा करू शकत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, एक फुलाचा हक्क आणि दुसरा लाकडाचा, हे मला कळते. पण धुऱ्यावरच्या माणसाला दोन्ही एकाच झाडाचे आहेत.

फुलाच्या बाबतीत सरकारला हे उशिरा का होईना पटले. दारूबंदी कायद्याच्या, म्हणजे १९४९ च्या चौकटीत मोहफुले बाळगण्यावर आणि नेण्यावर निर्बंध होते. स्वतःच्या झाडाची फुले घरात ठेवली म्हणून पोलिसांना घाबरायचे, अशी अवस्था. २०२१ मध्ये राज्याने मोहफुलांचे संकलन, साठवण आणि वाहतूक यांवरचे निर्बंध उठवले. त्याआधी, २०२० साली, केंद्राने वाळलेल्या मोहफुलांची किमान आधारभूत किंमत किलोला १७ रुपयांवरून ३० रुपये केली. फूल मोकळे झाले. झाड अजून अडकलेलेच आहे. मोहाला मोकळीक म्हणजे दारूला मोकळीक, हा आक्षेप तेव्हाही आला होता. दारूने घरे मोडतात हे या मुलखातल्या बायकांना कोणी शिकवायला नको. पण भट्टी बंद करायची तर भट्टी बंद करा. मोह नसलेल्या गावांत दारू नाही असे कोणी दाखवून द्यावे.

आता योजनांकडे. १ जुलै २०१६ पासून महाराष्ट्रात वृक्षलागवडीचे आकडे चढत गेले: पहिल्या वर्षी २ कोटी, मग ४, मग १३, आणि २०१९ मध्ये ३३ कोटी. त्या ३३ कोटींच्या चौकशीसाठी पुढे विधिमंडळाची समिती नेमावी लागली. खड्डा तोच, रोप नवे, हा विनोद महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात समजावून सांगावा लागत नाही. मला त्यातल्या भ्रष्टाचारापेक्षा त्यातली कल्पनाच चुकीची वाटते. रोप कोणाचे, हा प्रश्न त्या सगळ्या मोहिमेत कुठेही नव्हता. गायरानात, रस्त्याकडेला, शाळेमागे लावलेले झाड सगळ्यांचे म्हणजे कोणाचेच नसते. पाहुणे येतात, फोटो निघतो, मे महिन्यात रोप वाळते, आणि त्याला पाणी न घातल्याबद्दल कोणाच्या घरात कोणी कोणाला बोलत नाही. दारातल्या जांभळाचे तसे नसते. ते वाळले तर सासूबाई सुनेला आणि सून पोरांना बोलते.

त्याच काळात गावाचे रूपही बदलले. घरकुल आले, आणि ते यायलाच हवे होते. मातीच्या भिंतीत पावसाळे काढलेल्या माणसाला पक्के घर नको असे सांगण्याचा अधिकार मला नाही. पण घरकुलाचा नकाशा झाड गृहीत धरत नाही. जागा मोजकी, अनुदान मोजके, पाया खणताना आड येणारे झाड आधी जाते. मग गल्लीत सिमेंटचा रस्ता येतो, नाली येते, शाळेसमोर गट्टू बसतात आणि उरलेल्या कडुनिंबाच्या खोडाला गळ्यापर्यंत सिमेंट लागते. मे महिन्यात विदर्भाचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा स्लॅबच्या खोलीत दुपारी थांबवत नाही, आणि बाहेर सावली उरलेली नसते. पंखा आहे, पण वीज कधी असते कधी नसते. तेही तिरोड्यात, जिथे ३,३०० मेगावॅटचा औष्णिक प्रकल्प उभा आहे.

सावली ही इथे ऐषआराम नाही, ती कामाची जागा आहे. शहरातल्या लेखात हे सुटते. भंडारा-गोंदियात पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी विड्या वळल्या त्या दारातल्या झाडाखाली. सूप मांडीवर, तेंदूची पाने ओल्या फडक्यात, बाजूला तंबाखू, पोर झोळीत, आणि हात चालूच. तिथेच मोहफुले निवडली जातात, धान पाखडले जाते, तिथेच बचत गटाची बैठक भरते, आणि लग्नात त्याच झाडाशेजारी मांडव पडतो, त्यावर जांभळाच्या डहाळ्या चढतात. झाड गेले की या सगळ्या कामांना छप्पर राहत नाही. मग बाई आत जाते. ती आत गेली की तिचे बोलणे, तिचा शेजार, तिची माहिती, सगळे आत जाते. गावातल्या किती चर्चा अशा बंद झाल्या याची मोजणी कोणी केलेली नाही.

जगभर घराजवळच्या झाडावर बरेच संशोधन झाले आहे. १९८४ साली रॉजर उलरिख यांनी दाखवले की शस्त्रक्रियेनंतर ज्या रुग्णांच्या खिडकीतून झाडे दिसत होती ते भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले. सेसिल कोनायनेंडाइक या वनतज्ज्ञांनी २०२१ मध्ये शहरांसाठी ३-३०-३०० असा नियम मांडला: घरातून ३ झाडे दिसावीत, वस्तीवर ३० टक्के पानांचे छत असावे, ३०० मीटरवर बाग असावी. शहरांना तो जरूर लावावा. मुंबईत ४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री आरेत झाडे पडू लागली तेव्हा माणसे रस्त्यावर उतरली, आणि १९७५ च्या शहरी वृक्ष कायद्यात २०२१ साली पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा आला. पण ३-३०-३०० चा नियम बोदलकसाला लावला तर गाव तिन्ही कसोट्यांवर झाडाखाली बसल्या बसल्या पास होईल आणि त्याचा काही उपयोग होणार नाही, कारण या सगळ्या मापांत झाड ही पाहायची वस्तू आहे. बोदलकसाच्या बाईला मोह दिसून भागत नाही. तो तिचा असावा लागतो.

घराजवळ झाडे नकोत, असे गावात म्हणणारेही आहेत, आणि त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. झाडावर माकडे येतात आणि कौले फोडतात. वादळात फांदी पडते. २०२१ मध्ये छत्तीसगडकडून गडचिरोलीत आलेले रानटी हत्ती पुढच्या वर्षी गोंदियाच्या अर्जुनी-मोरगावपर्यंत पोचले, आणि हत्तीला साठवलेल्या मोहाचा वास लांबून लागतो. बिबट्याच्या भीतीने लोक घराभोवतीचा आडोसा साफ करतात. आडोसा साफ करावाच. बिबट्या दबा धरतो तो झुडपात आणि वाढलेल्या गवतात. उंच, खाली मोकळ्या बुंध्याच्या झाडाने कोणाचा घात होत नाही. मोहफुले राहत्या खोलीत न ठेवता गावाच्या सामाईक कोठारात ठेवणे हे हत्तीच्या काळातले शहाणपण. यातल्या कुठल्याही अडचणीचे उत्तर झाड तोडणे हे नाही, आणि यातल्या कुठल्याही अडचणीकडे काणाडोळा करून झाडाचे गोडवे गाणे हेही नाही.

तालुक्याच्या अधिकाऱ्यांना आणि बोदलकसासारख्या गावांच्या ग्रामपंचायतींना माझी विनंती लहान आहे. येत्या पावसाळ्यात रोपांचा आकडा वरून मागवू नका. घरकुल मंजूर करताना नकाशात एका झाडाची जागा आखा, झाड त्या घराच्या बाईच्या नावाने वहीत चढवा, आणि त्याच नोंदीत लिहून द्या की ते कधी तोडायचे हे ती ठरवील. रोपवाटिकेचीही फारशी गरज नाही. मोहाची फळे जून-जुलैत पिकून पडतात, आणि बियांची उगवणशक्ती काही आठवड्यांतच जाते. त्या साठवून ठेवता येत नाहीत, पडल्या पडल्या मातीत घालाव्या लागतात. फुले यायला पुढे दहाएक वर्षे लागतात. तेव्हा नोंदीचा नियम या जूनच्या आत झाला तर ठीक, नाहीतर या वर्षीचे बी गेले.